चाल

मराठीत ‘चाल’ हा शब्द मोठा उदार आहे. पदाची चाल, बुद्धिबळातील चाल, घराण्यातील चालरीत आणि माणसाची चाल, या सर्वांना तो एकटा पुरतो. माणसाची चाल म्हणजे त्याचा स्वभावच, अशी आपली समजूत होते ती कदाचित यामुळेच.

काशीस ब्रह्माघाटाजवळच्या एका जुन्या मराठी घरात दोन जावांचे खुब्याचे सांधे जानेवारी २०२४ मध्ये, आठवड्याच्या अंतराने, बदलण्यात आले. शल्यचिकित्सक निराळे, त्यांच्या वाटाही निराळ्या. थोरलीचा सांधा मागच्या बाजूने गाठला होता. त्या वाटेवर मांडीला बाहेर वळवणारे लहान स्नायू सोडवून पुन्हा शिवावे लागतात. म्हणून सहा आठवडे तिला खाली वाकणे, पायावर पाय टाकणे आणि पाऊल आत वळवणे वर्ज्य होते. धाकटीचा सांधा समोरून, स्नायूंच्या मधल्या फटीतून बदलला. तिच्या मांडीची बाहेरची बाजू काही महिने बधिर राहिली. परंतु तिसऱ्या आठवड्यातच तिची काठी कोपऱ्यात गेली. थोरली वॉकर धरून ते पाहत असे आणि तिला आपल्या नशिबाचा राग येत असे.

वाटेची ही चिंता नवी नव्हे. इंग्लंडमध्ये राइटिंग्टन येथे जॉन चार्नली यांनी १९६२ मध्ये धातूचा गोळा आणि पॉलिएथिलीनची वाटी यांची जोडणी सिद्ध केली, तेव्हा ते मांडीच्या हाडाचा बाहेरचा उंचवटा कापून आत शिरत व शेवटी तो तारेने बांधून टाकत. मात्र वाट कोणतीही असो, चालण्यातला तिचा फरक मुख्यतः पहिल्या काही आठवड्यांचा. पुढे तो बहुधा ओसरत जातो. चैत्रात दोघी अंगणात सारख्याच चालत होत्या. थोरलीचा रागही विरला.

कार्तिकात दोघी पंचगंगा घाटावर आकाशदीप पाहण्यास गेल्या. परतताना पायऱ्या चढत असता धाकटी पुढे होती. नव्या सांध्याच्या पायावर भार येताच तिची दुसऱ्या बाजूची कंबर खाली खचे. खुब्याच्या बाजूचे स्नायू दुबळे असले की असे होते. जर्मन शल्यचिकित्सक ट्रेंडेलेनबुर्ग यांनी १८९५ मध्येच हे लक्षण नोंदवले आहे.

“दुखतं का गं?” थोरलीने विचारले.

“नाही वहिनी. दुखणं केव्हाच थांबलं. पायाला अजून ते ठाऊक नाही.”

थोरलीने दोन वर्षे वेदना सोसली होती, धाकटीने अकरा. इतका काळ दुखरा पाय वाचवीत चालल्याने स्नायू क्षीण झाले होते आणि लंगडणे अंगवळणी पडले होते. दोघींच्या चालीतले खरे अंतर सुरीच्या वाटेचे नव्हतेच. ते या नऊ वर्षांचे होते. त्या वर्षांत ती पाणी भरी, सोवळ्याचा स्वयंपाक करी, गच्चीवर वाळवणे घाली, आणि घरातील सारे म्हणत, “तिची चालच तशी.” म्हणणाऱ्यांत थोरलीही होती.

ती पायरीवर थांबली. काही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीवर सतरंजी पसरली गेली. धाकटीने कुशीवर निजून वरचा पाय सावकाश उचलायचा, क्षणभर तोलायचा आणि खाली आणायचा. मोजण्याचे काम थोरलीने आपल्याकडे घेतले.