पाणी सरकलं की या

दुर्बीण मी कॉलेजात असताना पुण्याच्या जुन्या बाजारातून घेतली होती. एका डोळ्याला चांगलं दिसायचं, दुसऱ्याला धूसर. ती गळ्यात अडकवून मी घरच्यांबरोबर तात्यांकडे बारामतीला गेलो, तेव्हा काकू म्हणाल्या, "हे काय, डॉक्टर झालास का?"

तात्या हे वडिलांचे इंदापूरच्या शाळेतले मित्र. त्यांचं गाव भीमाकाठी होतं. 1980 साली उजनी धरण पूर्ण झालं, पाणी मागे पसरत आलं आणि गाव उठलं. तात्यांनी बारामतीत बिऱ्हाड केलं, साखर कारखान्यात नोकरी धरली. दर थंडीत आमचा मुक्काम त्यांच्याकडे. पहाटे उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, हवेत मळीचा वास, आणि स्वेटरवर शाल पांघरून बसलेले आम्ही पुणेकर. एक दिवस सुप्याकडच्या जिरायत रानात हुरडा. आगटीतली कणसं हातावर चोळून काकू ताटात टाकायच्या आणि "गरम हाय तवर खा" म्हणत दुसऱ्या हाताने लसणाची चटणी पुढे सरकवायच्या. जवळच्या मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारा दिसला तर दिसला. वडिलांना त्याची फारशी ओढ नव्हती.

दुर्बीण आली आणि कार्यक्रमात भिगवण, कुंभारगावची भर पडली. मासेमाराच्या होडीतून निघालो. उथळ पाण्यात रोहित उभे होते, चोच उलटी बुडवून चिखलपाणी गाळत, त्यातलं शेवाळ आणि बारीक जीव टिपत. पलीकडे पट्टकदंब. हिमालय ओलांडून येणारे हे हंस चिलापीच्या जाळ्यांशेजारी निवांत चरत होते. सगळे रोहितांकडे बघत असताना तात्यांनी माझ्याकडून दुर्बीण घेतली आणि नेमकी उलट्या बाजूला, मोकळ्या पाण्यावर धरली. बराच वेळ.

"काय दिसतंय?" वडिलांनी विचारलं.

"हिर हुती आमची तितं. आता बगळा बसलाय."

मग दोघंही हसले. त्या हसण्यात मला जागा नव्हती, हे तेव्हाही कळलं.

तात्यांना धरणाबद्दल बोलतं करणं अवघड नव्हतं, फक्त ते रडगाणं गात नसत. हिशोब सांगत. साठा 117 टीएमसी, त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा, म्हणजे कालव्याने बाहेर न येणारा. भिंत टेंभुर्णीजवळ, सोलापूर जिल्ह्यात. बुडालेली बरीच रानं इंदापूरची. "जमीन आमची, कालवा त्यांचा," म्हणत आणि लगेच पुस्ती जोडत की फुगवट्यावर मोटारी बसवून इंदापूरकरांनीही ऊस केलाच की. शिवाय गाळपेर होतीच. पाणी खाली गेलं की उघडी पडलेली जमीन काही महिन्यांसाठी कसायला मिळते. आपल्याच बुडालेल्या रानाच्या कडेला ज्वारी, कांदा पेरणारी माणसं तात्यांनी मला दाखवली होती. उन्हाळ्यात धरण तळाला गेलं की पळसदेवचं जुनं मंदिर वर येतं, तेव्हा तर बघ्यांची रीघ लागते. तात्या त्या गर्दीत कधी गेले नाहीत.

पक्ष्यांचं गणितही हेच. रोहितांना खोल पाणी चालत नाही. रब्बीचं आवर्तन सुटायला हवं, पातळी उतरायला हवी, चिखल उघडा पडायला हवा. पाऊसकाळ उत्तम झाला, धरण तुडुंब राहिलं, की ते उशिरा येतात. म्हणजे आमची सहल सोलापूरच्या शेतकऱ्याच्या पाणीमागणीवर अवलंबून! हे कळल्यापासून पक्षी बघण्यातला माझा भाबडेपणा जरा कमी झाला आणि गंमत वाढली.

वडील गेले. तात्या ऐंशीच्या पुढे आहेत, होडीत चढत नाहीत. आता कुंभारगावात लांबलचक लेन्सवाले येतात आणि होडीवाल्यांची पोरं पक्ष्यांची इंग्रजी नावं धडाधड सांगतात. मला त्यात वावगं काही वाटत नाही. मासे कमी झाले तर पोट कुठून भरायचं?

फोनवर मात्र दर डिसेंबरला एकच वाद. माझी मुलगी मोबाइलवर धरणाची टक्केवारी वाचून तारीख ठरवते. तात्यांचा टक्क्यांवर विश्वास नाही. त्यांचा भाचा डिकसळला जातो, इंग्रजांच्या काळातल्या पुलाचे खांब किती उघडे पडलेत ते बघून येतो, तेवढंच त्यांना पुरतं. "आजोबा, नव्वद टक्के आहे," ती म्हणाली. "मग कशाला येता? पाणी सरकलं की या," तात्या म्हणाले.

जानेवारीचं तिकीट रद्द केलंय. आता फेब्रुवारीचं बघतोय.