दामूनगरची वाट

कांदिवली पूर्वेला उतरून आकुर्ली रोडने निघाले की महिंद्राच्या कारखान्याची भिंत लागते. पुढे हायवे ओलांडून लोखंडवालाचे टॉवर मागे टाकले की समोर राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर दिसतो. त्याच्या पायथ्याशी दामूनगर. पौर्णिमेच्या वंदनेसाठी आम्ही तिकडे गेलो होतो.

आमच्या ओळखीची तिथली घरे मराठवाड्यातली. १९७२ च्या दुष्काळाने पोट आटले, पण गाव सुटायला तेवढेच कारण नव्हते. मजुरी मिळाली तरी ती पायरी ओळखून घ्यावी लागे. बाबासाहेबांना खेड्याचे कौतुक नव्हते, ते याचसाठी. त्यांच्या घटनेच्या १९ व्या कलमाने देशात कुठेही फिरण्याचा आणि वस्ती करण्याचा हक्क दिला. रोजी हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे १९८५ साली ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही मानले. मात्र नोटीस देऊन झोपडी हटवायला मोकळीक ठेवली!

मग आली तारीख. १९९७ मध्ये उद्यानातील झोपड्यांबाबत उच्च न्यायालयाचा आदेश झाला. १ जानेवारी १९९५ पूर्वीचा पुरावा असेल त्याने ७,००० रुपये भरून दुसरीकडे जागा घ्यायची, बाकीच्यांवर बुलडोझर. पुढे झोपडपट्टी योजनेत २००० साल आले, नंतर २०११ पर्यंतच्यांना पैसे भरून घर. तारीख सरकते, भीती तीच राहते.

वंदना झाल्यावर एका आजीने आम्हाला थांबवले. ७ डिसेंबर २०१५ च्या आगीत सिलिंडर फुटून वस्ती जळाली, त्यात तिचे रेशनकार्ड, फोटोपास सगळे गेले. ती म्हणाली, "दादा, पोरगं हितं जन्मलं, त्याचा दाखला निघतो. मी कधी आले त्याचा दाखला कुठनं आणू?"

आम्ही कारकुनी केलेली माणसे, कागदाची किंमत जाणतो. तरी म्हणतो, एका कागदावर माणूस तोलू नये. शाळेचा दाखला, भाडेपावती, शेजाऱ्यांचा जबाब, सगळे धरावे. दुसरे घर हातात दिल्याशिवाय पहिले पाडू नये. आणि ते कामाच्या टापूत हवे. टॉवरमध्ये धुणीभांडी करणारी बाई दोन गाड्या बदलून पहाटे सहाला पोचणार कशी?

इथे आपल्या एका तरुणाचे बोलणे खटकले. "हे भय्ये आले म्हणून आपली ही दशा." बाळा, तुझ्या आजोबालाही मुंबईने असेच बाहेरचा म्हटले होते. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये डोक्यावर बोचकी घेऊन चालत निघालेले लोक काय वेगळ्या कारणाने आले होते? याच डोंगरापलीकडे कान्हेरीला लेणी आहेत. कल्याण, सोपाऱ्याच्या दात्यांची नावे तिथल्या शिलालेखांत आहेत. तू कुठला, हे विचारून कुणाचे दान परत केले नाही.

आजीने प्लॅस्टिकच्या पिशवीतून मुलाच्या शाळेचा दाखला काढला. कडा जळालेल्या, पण १९९३ साल स्पष्ट वाचता येत होते. स्टेशनजवळच्या दुकानात आम्ही त्याच्या चार झेरॉक्स काढल्या. पुढच्या रविवारी शेजारच्या घरांचे कागद बघायचे ठरले आहे.