पळीभर तीर्थ

१९६१ साली गोवा मुक्त झाल्यावर आमच्या अंत्रुज महालात सरकारी मराठी शाळा निघू लागल्या, तेव्हा नगर जिल्ह्याकडचे एक मास्तर आम्हांस शिकवावयास आले. धोतर, पांढरी टोपी, कपाळ मात्र मोकळे. ते ख्रिस्ती आहेत हे कळताच गाव बुचकळ्यात पडले. आमच्या समजुतीतला किरिस्तांव म्हणजे पाटलोण घालणारा, बोलण्यात पोर्तुगीज शब्द पेरणारा. हे तर पहाटे रेव्हरंड टिळकांचे अभंग एकतारीवर म्हणत. ते पोपच्या पंथाचे नव्हते. म्हणून पलीकडच्या वाड्यावरील ख्रिस्ती मंडळींनाही ते आपले वाटले नाहीत. आमच्या घरी त्यांच्यासाठी एक कपबशी ओसरीच्या वळचणीला निराळी ठेवलेली असे. चहा झाला की ते ती स्वतः विसळून पुन्हा तेथेच ठेवीत.

नवरात्रात शाळेत सरस्वतीपूजन होई. आंब्याचे टाळे बांधण्यापासून मुलांकडून श्लोक शुद्ध म्हणवून घेण्यापर्यंत सारे मास्तर करीत; पूजेच्या वेळी मात्र मागे स्वस्थ उभे राहत, तीर्थ घेत नसत. पहिल्या वर्षी कोणी बोलले नाही. दुसऱ्या वर्षी गावची चार वडीलधारी माणसे त्यांजकडे गेली. ‘मास्तर, मनात काय मानायचे ते माना, पण चारचौघांत पळीभर तीर्थ घेतल्याने काय बुडते?’ यात राग नव्हता, आर्जव होते. मास्तर म्हणाले, ‘मनात नाही ते हातावर घेतले, तर तुमच्या देवीशीही मी खोटा वागलो असे होईल.’

त्यानंतर त्यांस कोणी दुखविले नाही. फक्त दूध घालणाऱ्याने दूध बंद केले, आणि घरमालकास खोली एकाएकी लागली. वर्ष संपताच मास्तर बदली घेऊन गेले. त्या चौघांत आमचे वडील होते, हे लिहिताना आजही लेखणी अडखळते.

पुढे कॉलेजात असताना लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ हाती आली. कोकणस्थ ब्राह्मण कुळातील नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईस बाप्तिस्मा घेतला; पत्नीची आणि त्यांची ताटातूट कित्येक वर्षे राहिली. सोवळे सोडताना लक्ष्मीबाईंच्या जिवाची झालेली उलघाल वाचून आम्ही प्रथम त्यांच्याच बाजूने हळहळलो. मग ध्यानी आले की टिळकांवर ओढ दोन्हीकडून होती. आप्तेष्टांना ते परत यावयास हवे होते, आणि मिशनच्या चाकोरीत त्यांचा जीव रमत नव्हता. त्यांनी अभंग आणि कीर्तन सोडले नाही, ख्रिस्तही सोडला नाही. १९१७ साली मिशनची नोकरी टाकून त्यांनी ‘देवाचा दरबार’ उभा केला, आणि दोनच वर्षांत ते निवर्तले.

हे वाचीत असता आम्हांस आपल्याच देवळाची आठवण झाली. १५६० साली कुशस्थळीचा मंगेश नदी ओलांडून प्रियोळास आणला गेला. केळशीची शांतादुर्गा कवळ्यास आली. घरदार, शेतभाट मागे टाकून निघालेल्या त्या लोकांनाही कोणी म्हटलेच असेल, की वरवर पाणी शिरावर घ्या, देव मनात ठेवा, काय बुडते? त्यांनी ते मानले नाही, म्हणून आज आम्ही पालखीला खांदा देतो. जे मागे राहून ख्रिस्ती झाले त्यांचीही सुटका झाली नाही. इन्क्विझिशनच्या १७३६ च्या फर्मानाने त्यांना अंगणात तुळस लावण्याची, पुरुषांनी धोतर नेसण्याची, एवढेच नव्हे तर भात अळणी शिजविण्याची बंदी केली. भातातल्या मिठावरून माणसाची श्रद्धा तपासणारे ते न्यायासन अखेर १८१२ साली बंद झाले.

वडिलांपाशी आम्ही हा विषय एकदाच काढला. ते बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, ‘माणूस चांगला होता. पण गाव होते ना.’ आम्हीही अधिक विचारले नाही. कारण त्या दिवशी पूजेला आम्ही मास्तरांच्या शेजारीच उभे होतो, आणि सर्वांचे डोळे त्यांच्याकडे वळलेले पाहून हळूच दोन पावले बाजूस सरलो होतो.

कपबशी वळचणीला पुष्कळ वर्षे होती. कौले परतताना कोणी काढली असावी.