परतीची वाट

पंधरा-वीस पावसाळे अंगावर घेतलेल्या ज्या डिझेल पिकअप गाड्या नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट भरून सायंकाळी आळेफाट्यावरून माळशेज घाटाची वाट धरतात, त्यांची एंजिने जितकी इमानी असतात तितके त्यांचे दिवे नसतात. एक हेडलाइट प्रखर तर दुसरा पिवळट. ब्रेकवर पाय ठेवावा तो डॅशबोर्डावरचे दिवे आपोआप उजळावेत. इंडिकेटर द्यावा आणि त्याच्या तालावर मागच्या तांबड्या दिव्यानेही लुकलुकावे, असे प्रकार त्यांच्यात नित्य घडतात, आणि चालक बल्बामागून बल्ब बदलीत राहतो. मला या विकारांविषयी मनापासून आस्था आहे. कारण केवळ यदृच्छेने घडल्यासारखे दिसणारे हे सारे वस्तुतः अत्यंत कठोर नियमाने घडत असते.

बॅटरीच्या धन टोकापासून निघालेली वीज फ्यूज, स्विच आणि तार यांच्या मार्गाने दिव्यापर्यंत जाते हे सर्वांनाच ठाऊक असते. परंतु दिवा उजळल्यावर तिला ऋण टोकाकडे परत यावयाचे असते, आणि त्या परतीसाठी बहुधा निराळी तार नसून गाडीचा पत्रा व चासी यांच्यावरच ती कामगिरी सोपविलेली असते, याचे स्मरण फार थोड्यांना राहते. गाडी नवी असते तोवर हा बंदोबस्त चोख चालतो. पुढे हौद्याच्या बोल्टांखाली गंज धरतो, दिव्याच्या ब्रॅकेटवर रंगाचे थर चढतात, खतातले क्षार आणि घाटातला चिखल सांध्यांत मुरतो, आणि जाण्याची वाट अव्वल असूनही येण्याची वाट बुजत जाते.

वीज मात्र अडून बसत नाही. मिळेल त्या मार्गाने ती परत फिरते. मागच्या दिव्यातील दुहेरी बल्बात 21 वॅटची तार ब्रेकसाठी आणि 5 वॅटची तार रात्रीच्या दिव्यासाठी असते, व दोहींची परतीची वाट एकच असते. ती वाट तुटली म्हणजे ब्रेकच्या तारेतून आलेला प्रवाह शेजारच्या बारीक तारेत उलटा शिरतो, तिच्या वायरने थेट पुढे जातो आणि पार्किंगच्या वा डॅशबोर्डाच्या दिव्यांतून पत्र्याला मिळतो. चालकाला भासते ती भुताटकी. असते ती वाट चुकलेल्या विजेची कैफियत.

आळेफाट्यावरच्या एका वयस्कर वायरमनला मी या गाड्यांवर काम करताना पुष्कळदा न्याहाळले आहे. "मामा, बल्ब नवा टाकला तरी उजेड पडत नाही," असे गाऱ्हाणे घेऊन एखादा तरुण चालक आला की, "बल्बाचं राहू दे, अर्थिंग बघू आधी," एवढेच ते म्हणतात; अर्थिंग म्हणजे हीच परतीची वाट. एक उघडी तार होल्डरच्या अंगाला लावून तिचे दुसरे टोक बॅटरीच्या ऋण टोकावर टेकवितात, आणि मिणमिणता दिवा तत्क्षणी लख्ख होतो. मीटर असेल तर हीच खातरजमा आकड्यात होते: दिवा चालू ठेवून होल्डरचे अंग आणि ऋण टोक यांमधील दाब मोजावा, तो शून्याच्या आसपास असला पाहिजे, आणि एक-दोन व्होल्ट भरला तर तेवढा दाब गंजलेल्या सांध्यात खर्ची पडतो आहे असे निश्चित समजावे. गेऑर्ग ओमने 1827 साली प्रसिद्ध केलेला नियम असा टोमॅटोच्या गाडीखालीही आपला अंमल चालवितो.

हेडलाइटची तक्रार थोडी निराळी. प्रत्येकी 60 वॅटचे दोन अप्पर मिळून सुमारे 10 अँपिअर घेतात; जुन्या गाडीत हा सारा भार डिपरच्या झिजलेल्या स्विचमधून जात असेल, तर तेथेच दाब उतरतो, आणि दाब दहा टक्के उतरला की उजेड सुमारे तीस टक्क्यांनी घटतो. स्विचवरचा भार उचलणारा रिले बसवावा, हा उपाय.

एका प्रघाताविषयी मात्र मला कठोर शब्द वापरणे भाग आहे. फ्यूज वारंवार जातो या सबबीवर त्याला सिगारेटच्या पाकिटातील चंदेरी कागद गुंडाळण्याची जी रीत रस्त्यावर रुळली आहे, ती सर्वस्वी निषिद्ध मानली पाहिजे. कारण फ्यूज जळतो तो वायर जळू नये म्हणून, आणि त्याचे तोंड बंद केले म्हणजे पुढची आग थेट वायरिंगमध्ये लागते.

पुढचा दिवा चालकाला स्वतःचा रस्ता दाखवितो, म्हणून त्याची दुरुस्ती त्याच रात्री होते. मागचा तांबडा दिवा ज्याच्यासाठी असतो तो मनुष्य अपरिचित असतो आणि चालकाला तो दिवा बसल्या जागेवरून कधीच दिसत नाही, म्हणून तो महिनोन् महिने विझलेला राहतो. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी तो 155 मीटरांवरून दिसावा अशी ताकीद दिलेली आहे; आषाढातल्या माळशेजच्या धुक्यात तर पूर्ण शाबूत असलेला दिवाही फार दूरवरून दिसत नाही, मग विझलेल्याची कथा काय!

तेव्हा ज्यांच्या दारी अशी जुनी गाडी असेल त्यांनी मागच्या प्रत्येक दिव्यापासून चासीवरच्या खरवडून स्वच्छ केलेल्या जागेपर्यंत आणि तेथून ऋण टोकापर्यंत तांब्याची स्वतंत्र तार ओढून घ्यावी, सांध्यांना ग्रीस लावावे, फ्यूज लिहिलेल्या क्षमतेचाच घालावा, आणि निघण्यापूर्वी कोणाला तरी मागे उभे करून ब्रेक दाबून पाहावा. या कामाला एका दुपारहून अधिक वेळ लागत नाही.