मोरकीचे पेटंट

सेवेत असताना महिला बचत गटांच्या प्रदर्शनांची उद्घाटने मी पुष्कळ केली. माझ्या भाषणात एक वाक्य हटकून असे, "आपल्या वस्तूंचे पेटंट घ्या." टाळ्या पडत. पेटंट कोणत्या वस्तूला मिळते आणि कोणत्या नाही, याचा विचार मी तेव्हा केला नव्हता, हे कबूल केले पाहिजे. त्या वाक्याचा जाब मला निवृत्तीनंतर चेन्नईत द्यावा लागला.

मुलीकडे राहायला आलो तेव्हा अड्यारमध्ये एका मराठी कुटुंबाशी ओळख झाली. गृहिणी मूळच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या. कुत्र्यांचे पट्टे, साखळीऐवजी वापरायच्या सुती दोऱ्या, थंडीतल्या झुली असे सामान त्या घरी बसून हाताने करतात. तामिळनाडूत राजपाळयम आणि चिप्पीपारै या शिकारी जातींच्या कुत्र्यांचे प्रेम मोठे आहे. या कुत्र्यांचे डोके निमुळते असते. साधा पट्टा मागे खेचला की डोक्यावरून निसटतो. त्यावर उपाय म्हणून त्यांनी मऊ सुती दोरीची एक जोडणी केली होती. एक फास मानेवर, दुसरा नाकावरून, आणि हनुवटीखाली सरकती गाठ. कुत्र्याने ओढले तरच नाकावरचा फास आवळतो.

"काका, याचं पेटंट घ्यायचंय. एक जण करून देतो म्हणतो, पंचेचाळीस हजारांत."

मी ती वस्तू हातात घेऊन पाहिली आणि विचारले, "तुमच्या वडिलांकडे बैल होते ना?"

त्या हसल्या. "होते म्हणजे, आहेत. ही मोरकीच आहे, काका. बाबा गोऱ्ह्याला घालतात ती. मी फक्त कुत्र्याच्या मापाची केली."

प्रकरण त्या एका उत्तरात संपत होते, पण त्यांना ते तसे सांगण्याचे धैर्य मला झाले नाही. मी आठ दिवस मागून घेतले आणि कायदा वाचायला बसलो.

आपल्या 1970 च्या पेटंट अधिनियमानुसार वस्तू नवी असावी लागते, तिच्यात कल्पकतेची पायरी असावी लागते आणि ती उद्योगात वापरता येण्याजोगी असावी लागते. कलम 3 मध्ये तर काय चालणार नाही याची यादीच आहे. माहीत असलेल्या साधनांची नुसती फेरमांडणी चालत नाही. 2002 च्या दुरुस्तीने पारंपरिक ज्ञानही त्या यादीत आले. हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर अमेरिकेत 1995 साली दिलेले पेटंट डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या कारकिर्दीत सी.एस.आय.आर.ने लढवून 1997 मध्ये रद्द करून घेतले, त्या लढ्याची आठवण या दुरुस्तीमागे ताजी होती.

कारागिरीशी अधिक जवळचा दाखला मात्र भांड्यांचा आहे. मिर्झापूरच्या धातूच्या भांड्यांच्या धंद्यात, लेथवर भांडे धरून ठेवण्याच्या एका युक्तीचे पेटंट 1951 सालचे होते. त्यावरचा वाद सर्वोच्च न्यायालयात 1978 साली संपला. कारखान्यातला कुशल कारागीर रोजच्या कामात ज्या सुधारणा करतो तेवढ्यावर पेटंट मिळत नाही, असे न्यायालयाने ठरवले आणि पेटंट रद्द झाले. एका युक्तीसाठी सत्तावीस वर्षे!

हे सारे मी त्यांना सांगितले. त्या शांतपणे ऐकत होत्या. मग त्यांनी फोनवर एक चित्र दाखवले. परदेशी बनावटीची, कुत्र्याच्या तोंडाला घालायची तशीच पट्टी. "यांना कसं मिळालं मग?"

प्रश्न रास्त होता. मिनेसोटा विद्यापीठातील पशुवैद्यकाचे प्राध्यापक रॉबर्ट अँडरसन आणि श्वानशिक्षिका रूथ फॉस्टर यांनी 1980 च्या दशकात 'जेंटल लीडर' नावाची ही पट्टी तयार केली आणि अमेरिकेत तिचे पेटंटही घेतले. पेटंट त्या विशिष्ट रचनेचे होते, नाकावरून फास घेण्याच्या कल्पनेचे नव्हे. घोड्याची मोरकी युरोप-अमेरिकेतही जुनीच. तरीही हा खुलासा करताना मी थोडा अडखळलो. ज्याची युक्ती कागदावर नेमक्या शब्दांत उतरते त्याला कायद्याचे दार उघडते आणि ज्याची बोटांतच राहते तो बाहेर उभा राहतो, हे मला प्रशासनात पुष्कळदा दिसले होते. (अमेरिकन कार्यालयही सावध असतेच असे नाही. कुत्र्याने तोंडात धरायच्या, फांदीसारख्या दिसणाऱ्या खेळण्याला तिथे 2002 साली पेटंट दिले गेले आणि फेरतपासणीत त्यातले सर्व दावे पुढे रद्द झाले.)

गिंडीला जी.एस.टी. रोडवर बौद्धिक संपदेची मोठी इमारत आहे. साऱ्या देशाची भौगोलिक निर्देशन नोंदणी तिथूनच होते. कोल्हापुरी चपलेची महाराष्ट्र आणि कर्नाटक यांची सामायिक नोंदही तिथलीच. पण तो हक्क प्रदेशातल्या सर्व उत्पादकांचा असतो, एकट्या बाईंचा होऊ शकत नाही. नक्षीसाठी डिझाइन नोंदणी होऊ शकली असती, पण त्यासाठी नक्षी आधी प्रसिद्ध झालेली नसावी लागते. त्यांनी दोन वर्षे प्रत्येक नव्या पट्ट्याचे छायाचित्र इंटरनेटवर टाकले होते. हे ऐकून त्यांचा चेहरा उतरला. गिऱ्हाईक मिळावे म्हणून जे केले त्यानेच हा दरवाजा बंद झाला होता. पुढच्या नक्षीसाठी तरी आधी अर्ज करा, एवढेच मी म्हणू शकलो.

उरला व्यापारचिन्हाचा मार्ग. जनावरांचे पट्टे अठराव्या वर्गात येतात. व्यक्तीला ऑनलाइन अर्जाचे शुल्क साडेचार हजार रुपये. पेटंटसाठीसुद्धा व्यक्तीचे सरकारी शुल्क अर्जाला 1,600 आणि तपासणीला 4,000 इतकेच आहे. मसुदा लिहिणाऱ्याची फी वेगळी हे मान्य, पण जे मिळणारच नाही त्याचे पंचेचाळीस हजार? त्या गृहस्थाने मोरकीबद्दल एक प्रश्नही विचारला नव्हता.

मग मी त्यांना कलम 25 दाखवले. कोणाच्याही पेटंट अर्जाला मंजुरीपूर्वी कोणीही विरोध करू शकतो, आणि स्थानिक समाजात तोंडी चालत आलेले ज्ञान हेही विरोधाचे कारण ठरते. म्हणजे उद्या एखाद्या कंपनीने हीच गाठ आपली म्हणून मांडली, तर त्यांच्या वडिलांची मोरकी पुरावा होऊ शकते. मात्र तो पुरावा कुठेतरी तारखेसह नोंदलेला असला तर बरे. पोळ्याला वडिलांकडून गाठ बांधतानाची छायाचित्रे मागवा आणि कृती लिहून तुमच्या पानावर टाका, असे मी सुचवले.

"म्हणजे मला मिळणार नाही, पण दुसऱ्यालाही मिळणार नाही. एवढंच ना, काका?"

मी होय म्हणालो. त्या काही फार खूश झाल्या नाहीत.

व्यापारचिन्हाचा अर्ज त्यांनी केला आहे. श्रावण अमावास्येनंतर चार दिवसांनी वडिलांची छायाचित्रे आली. बैलांना झुली, गोंडे, घुंगरमाळा, शिंगांना बेगड, सगळा थाट होता. बहुतेक छायाचित्रांत गाठ गोंड्याखाली झाकली गेली होती. एकाच छायाचित्रात, गोऱ्ह्याने मान वळवली असल्याने, हनुवटीखालची सरकती गाठ आणि तिच्यावरची म्हाताऱ्या हाताची दोन बोटे स्पष्ट दिसत होती. ते छायाचित्र त्यांनी तारीख घालून पानावर सर्वांत वर लावले आहे.