‘आली’ आणि ‘आली होती’

स्मरणिकेसाठी माजी विद्यार्थ्यांकडून आलेल्या लेखांची भाषा तपासण्याचे काम संपादक मंडळाने आमच्यावर सोपविले, त्याला आता दोन महिने होत आले. इतिहासाच्या शिक्षकाकडे भाषेचे काम कसे, असा प्रश्न काही पालकांना पडेल. निवासी शाळेत असे प्रश्न पडू द्यायचे नसतात. येथे इतिहासाचा शिक्षक गरजेप्रमाणे मराठीही शिकवितो, रात्री अभ्यासिकेवर लक्ष ठेवतो आणि एखाद्या मुलाला ताप भरला तर त्याला घेऊन पिंगुळीहून कुडाळच्या दवाखान्यातही जातो.

लेख वाचू लागलो तसे लक्षात आले की, बहुतेकांची वाक्ये ‘होतो’, ‘होता’, ‘होते’ यांवर येऊन थांबतात. ‘मी पाचवीत असताना येथे आलो होतो.’ ‘सरांनी मला वही दिली होती.’ ‘त्या वर्षी पाऊस फार झाला होता.’ मंडळातील एका तरुण सहकाऱ्याने सुचविले की, हे सगळे ‘होते’ सरसकट काढून टाकावेत, म्हणजे वाक्ये सुटसुटीत होतील. आम्ही नको म्हटले. त्या नकाराचे कारण पुष्कळ जुने आहे आणि ते सांगायचे तर आमची एक चूक सांगणे भाग आहे.

आम्हाला नोकरीला लागून तेव्हा चार वर्षे झाली होती. सहावीच्या वर्गाला ‘माझा आवडता दिवस’ या विषयावर निबंध दिला होता. एका मुलाने दहा-बारा ओळी लिहिल्या. रविवारी माझी आई आली होती. तिने जत्रेतले खाजे आणले होते. ती नवीन साडी नेसली होती. आम्ही फणसाखाली बसलो होतो. तिने माझे केस विंचरले होते. आम्ही लाल शाई घेतली आणि प्रत्येक ओळीतला शेवटचा शब्द छाटला. आई आली, खाजे आणले, साडी नेसली, फणसाखाली बसलो, केस विंचरले. समासात शेरा मारला : ‘पूर्ण भूतकाळाचा अनावश्यक वापर.’ एम. ए. होऊन फार दिवस झाले नव्हते, आणि असे शेरे मारताना मन सुखावत असे, हे नाकारण्यात अर्थ नाही.

वही परत मिळाल्यावर तो मुलगा टेबलाजवळ येऊन उभा राहिला. एरवी वर्गात प्रमाण मराठी बोलण्याचा प्रयत्न करणारा, तो त्या वेळी मालवणीतच बोलला. “सर, आई आली म्हटल्यार ती हंयच आसा असा वाटता. ती तर सांजच्या गाडीन गेली.”

आम्ही त्याला जागेवर जाऊन बसायला सांगितले. व्याकरण आम्हाला शिकवू नकोस, असेही काहीतरी म्हटले. पुढच्या निबंधांत त्याने एकही ‘होता’ लिहिला नाही. पण पुढचे निबंध चार-पाच ओळींच्या वर कधी गेले नाहीत.

त्याचे म्हणणे बरोबर होते, हे कळायला आम्हाला काही वर्षे लागली, आणि तेही इंग्रजीच्या तासामुळे. आमचे इंग्रजीचे सहकारी एकदा वह्या तपासता तपासता वैतागून म्हणाले, “मुले सगळीकडे ‘हॅड’ घालतात. ‘येस्टरडे आय हॅड गॉन टू कुडाळ’! अहो, ‘वेन्ट’ म्हणा ना!” इंग्रजीत हा काळ वापरायला भूतकाळातल्या दोन गोष्टी लागतात. एक आधीची आणि एक नंतरची. आधीचीला ‘हॅड’ लावायचे. एकच गोष्ट सांगायची असेल तर त्याची गरज नसते. मुलांच्या डोक्यात मात्र ‘काल मी कुडाळला गेलो होतो’ हे निर्दोष मराठी वाक्य होते आणि त्यांनी ते शब्दाला शब्द लावून इंग्रजीत नेले होते. सहकाऱ्यांची तक्रार ऐकताना आमच्या मनात निराळाच उजेड पडला. त्यांची मुले मराठीचा नियम इंग्रजीला लावीत होती. आम्ही शिक्षक असून इंग्रजीचा नियम मराठीला लावला होता.

दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण छापले आणि मोरो केशव दामल्यांचा मोठा ग्रंथ १९११ साली आला. शाळेत आपण भूतकाळाचे साधा, अपूर्ण, पूर्ण आणि रीती असे चार प्रकार पाठ करून घेतो. पाठ होतात, परंतु ‘पूर्ण’ या शब्दात काय भरलेले आहे ते बहुधा सांगायचे राहून जाते. मराठीत ‘आई आली’ म्हटले की आलेली आई अजून दारात उभी असते. ‘आई आली होती’ म्हटले की ते येणे एका जागी बंद झाले, त्या येण्याचा आजच्या घडीशी असलेला धागा तुटला. बहुतेक वेळा ती परतही गेली. दुसऱ्या घटनेची गरजच नाही. येथे खरी दुसरी घटना म्हणजे सांगणाऱ्याचा आजचा दिवस.

मालवणीने तर हा भेद एका ‘ल’च्या वजनात बसविला आहे. ‘तो इलो’ आणि ‘तो इल्लो’. बाजारातून परतलेल्या माणसाला वाटेत कोणीही विचारतो, “खंय गेल्लंस?” तेथे ‘गेलंस’ असे कोणी विचारणार नाही, कारण माणूस समोर उभा आहे. त्या मुलाच्या जिभेवर हे व्याकरण जन्मापासून होते. आमच्या हातात फक्त लाल शाई होती.

चूक एवढ्यावरही थांबत नाही. ‘ती नवीन साडी नेसली होती’ या वाक्यातला ‘होती’ आम्ही छाटला, तेव्हा त्या माउलीला आम्ही शाळेच्या अंगणात, फणसाखाली साडी नेसायला लावली! नेसणे, बसणे, झोपणे, उभे राहणे या क्रियापदांपुढचा ‘होता’ क्रिया सांगतच नाही; तो त्या वेळची स्थिती सांगतो. हे आज लिहितानाही कान तापतात.

मग आम्ही ‘होता’कडे इतिहासाच्या विद्यार्थ्याच्या नजरेने पाहू लागलो. महाडच्या सत्याग्रहावर मुले उत्तर लिहितात ते असे : १९२३ साली मुंबईच्या कायदे मंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेने ठराव केला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. तिन्ही वाक्ये खरी, सनावळी बिनचूक, गुण पूर्ण. परंतु मणी एकाच मापाचे असल्यामुळे वाचणाऱ्याला वाटते की एकामागून एक पायऱ्या चढत सगळे ठीक चालले होते.

आम्ही मुलांना सांगू लागलो की, आरंभच तळ्याच्या काठावरून करा. परिषदेला आलेले लोक मिरवणुकीने तळ्यावर पोहोचले आहेत. आता मागे वळा. सार्वजनिक पैशातून बांधलेले वा चालविलेले पाणवठे सर्वांना खुले असावेत, असा ठराव कायदे मंडळात झाला होता. नगरपालिकेनेही आपले तळे खुले केले होते. तरीही अस्पृश्य मानलेल्यांपैकी कोणालाही तेथे पाणी भरता आले नव्हते. मजकूर तोच आहे, सनावळीसुद्धा बदललेली नाही. बदलले आहे ते एवढेच की, बाबासाहेब आणि त्यांच्याबरोबरचे लोक परवानगी मागायला गेलेले दिसत नाहीत. आधीच कागदावर मिळालेला, पण प्रत्यक्षात अडवून धरलेला हक्क बजावायला ते गेले, हे उघड होते. ‘झाला होता’ आणि ‘आले नव्हते’ यांच्या फटीत अख्खी अस्पृश्यता उभी आहे.

मराठी कानाची आणखी एक खोड आहे. ‘शब्द दिला होता’ असे कोणी म्हटले की ऐकणारा पुढच्या ‘पण’ची वाट पाहू लागतो. ‘ठराव केला होता’ म्हटल्यावरही तसेच. आमच्या आजोबांच्या पिढीच्या बोलण्यात हा ‘पण’ प्रत्येक ‘होता’पाठोपाठ यायचा. महाडच्या नगरपालिकेने तर तो स्वतःच्या हाताने लिहिला : ऑगस्ट १९२७ मध्ये तिने आपला जुना ठराव मागे घेतला. पुढे कज्जा चालला आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला, तो १७ मार्च १९३७ रोजी, म्हणजे दहा वर्षांना तीन दिवस कमी असताना. येवल्याची १३ ऑक्टोबर १९३५ ची घोषणा मात्र अशी की, तिच्यापुढे ‘पण’ आला नाही. एकवीस वर्षे लोटल्यावर १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात दीक्षा झाली. ‘घोषणा केली होती आणि ती पाळली’ हे वाक्य वर्गात वाचताना मुले आपोआप ताठ बसतात, हे आम्ही अनेकदा पाहिले आहे.

पिंगुळीत राहून चित्रकथीचा उल्लेख केला नाही तर गावकरी रागावतील. ठाकर समाजाने जपलेली ही कला आणि कळसूत्री बाहुल्या यांसाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. चित्रकथीत कथा सांगणारा एकेक चित्र समोर धरतो. चित्राला ‘होता’ काढता येत नाही. पानावर जे आहे ते आत्ताच घडत असते. मागे जायचे तर ते सांगणाऱ्याच्या तोंडूनच जावे लागते. जातककथांची रचना याहून धीट आहे. आधी बुद्धांच्या काळातील प्रसंग, त्याला पच्चुप्पन्नवत्थु म्हणतात; मग त्याच्या पोटात मागील जन्मीची कथा, ती अतीतवत्थु; आणि शेवटी तेव्हाचा कोण तो आताचा कोण, याची जुळणी, ती समोधान. रात्री मुलांना जातक सांगताना मागच्या जन्मात शिरायला आम्हाला एक-दोन ‘होता’ लागतात, त्यानंतर कथा साध्या भूतकाळात बिनधास्त चालते. दार एकदा उघडले की प्रत्येक पावलाला कडी वाजवीत बसण्याची गरज नाही. लेख तपासताना आम्ही जे ‘होते’ काढले ते अशा नुसत्या वाजणाऱ्या कड्या होत्या. ‘आम्ही विहिरीवर जात असू’ या जागी ‘गेलो होतो’ लिहिणाऱ्यांचीही दुरुस्ती केली आहे. रोजचे पाणी एकदाच भरून संपत नाही.

आलेल्या लेखांत त्या मुलाचाही एक लेख आहे. आता तो चाळिशीकडे झुकला आहे. आम्ही त्याला फोन केला आणि सहावीतल्या त्या वहीविषयी विचारले. त्याला वही आठवत नव्हती, शेराही आठवत नव्हता. खाजे आठवत होते. लेखात एके ठिकाणी त्याने लिहिले आहे की, आई महिन्यातून एका रविवारी येत असे, आणि पुढे, त्या रविवारी आई आली होती. लेखाच्या शेवटच्या परिच्छेदात, आई गेली त्याला चार वर्षे झाली, असे वाक्य आहे. तेथे त्याने ‘गेली’ एवढेच लिहिले आहे.

त्याच्या लेखातले पाच ‘होते’ आम्ही काढले. ‘आई आली होती’ हे वाक्य जसे आहे तसेच छापावे, अशी चिठ्ठी मुद्रितशोधकांसाठी त्या पानाला टाचून प्रत छापखान्यात दिली आहे.