औषध म्हणावे की विष?

आपला शेतकरी कीटकनाशकाला 'औषध' म्हणतो. कपाशीला औषध मारले, वांग्यावर औषध फवारले, असे तो सहज बोलून जातो. शब्दांशी रोजचाच संबंध असल्यामुळे हा प्रयोग मला नेहमी विचारात पाडतो. ज्याला औषध म्हटले त्याची धास्ती कशी वाटावी?

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी व शेतमजूर विषबाधेने आजारी पडले, वीसाहून अधिक दगावले. दोष केवळ त्यांचा नव्हता. अंगावर संरक्षक कपडे नव्हते, दोन-तीन कीटकनाशके एकत्र मिसळली जात होती, आणि डोक्याएवढ्या वाढलेल्या पिकात विषाचे तुषार थेट तोंडावर येत होते.

या घटनेतील एक गोष्ट आपल्या सहसा ध्यानात येत नाही. बळी गेले ते फवारणारे, खाणारे नव्हेत. आपण शहरातील माणसे भाजीवरील विषाच्या अंशाची काळजी करतो, आणि ती अनाठायी नाही. परंतु विष प्रथम गाठते ते पाठीवर पंप घेतलेल्या माणसाला. माझ्या मते सेंद्रिय शेतीच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा हाच आहे. घरच्या बागेत तर फवारणारे आपणच, आणि त्याच मातीत खेळणारी मुलेही आपलीच.

मात्र 'सेंद्रिय' हा शब्दही 'औषधा'इतकाच माणसाला निर्धास्त करतो. तंबाखूचा काढा घरगुती म्हणून पुष्कळजण निःशंकपणे फवारतात; पण त्यातील निकोटिन हे जहाल विष असून ते त्वचेतूनही शरीरात शिरते. मोरचूद व चुना यांचे बोर्डो मिश्रण सेंद्रिय शेतीत मर्यादित प्रमाणात चालते, तरी त्यातील तांबे वर्षानुवर्षे मातीत साचत राहते. न कुजलेल्या शेणखतातून रोगजंतू पालेभाजीवर येऊ शकतात. २०११ साली जर्मनीत एका सेंद्रिय शेतावरील मोड आलेल्या बियांतून घातक जंतू पसरले आणि पन्नासाहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. तेथे प्रश्न रसायनाचा नव्हता.

तेव्हा नावावर विसंबू नये. पदार्थ कोणता, किती, आणि तो कोणाच्या अंगावर उडणार, हे तीन प्रश्न दोन्ही पक्षांना विचारावेत. चार कुंड्यांच्या बागेत त्यांचे उत्तर बहुधा सोपे असते. रोज सकाळी पानांची खालची बाजू पाहावी, मावा पाण्याच्या धारेने धुऊन काढावा, वांग्याचे किडलेले शेंडे खुडून नष्ट करावेत. एवढ्याने न भागल्यास ५० ग्रॅम निंबोळीची पूड १ लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून फवारावी.

तरीही विकतचे कीटकनाशक आणावेच लागले, तर डब्यावरील त्रिकोण पाहावा. तांबडा सर्वांत विषारी, नंतर पिवळा, निळा व हिरवा. पहिल्या दोहोंना घरात थारा देऊ नये. प्रमाण लिहिल्याप्रमाणेच घ्यावे, तोंड व हात झाकावेत, वाऱ्याच्या दिशेला तोंड करून फवारू नये, आणि सांगितलेले दिवस लोटल्यावाचून भाजी तोडू नये. उरलेले द्रव्य सरबताच्या रिकाम्या बाटलीत तर कधीच ठेवू नये. तंबाखूच्या काढ्यालाही हेच नियम लावावेत.